आधी बारसं, मग बाळ

जून-जुलै आला की आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला एका ठराविक प्रकारचे फोन येतात. लांबची मावशी, जुने शेजारी, आईच्या भिशीतल्या काकू. "अरे, आमच्याकडच्याला एका ठिकाणी कॉम्प्युटर मिळतंय आणि दुसरीकडे ते एआय-डीएस मिळतंय. काय घ्यायचं?" तुम्हालाही येत असतीलच. आणि तुम्हीही माझ्यासारखंच "कॉलेज चांगलं बघा काकू, ब्रँच काय..." असलं काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवत असाल.

यंदा म्हटलं, निदान कॅप राउंडची यादी तरी नीट वाचू. वाचली, आणि चाटच पडलो. आमच्या वेळी (म्हणजे फार नाही, २०१५ साली) कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी, मेकॅनिकल, सिव्हिल एवढ्यात विषय संपायचा. आता एका डिग्रीचं नाव काय आहे ऐका: कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, कंसात इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी. हे नाव मी बनवलेलं नाही, खरोखर आहे. लग्नपत्रिकेत मुलाच्या नावापुढे शिक्षण लिहायचं झालं तर पत्रिका दोन पानी छापावी लागेल.

चेष्टा सोडा. मला प्रश्न असा पडला की अमुक एक गोष्ट चार वर्षांची डिग्री आहे, हे ठरवतं कोण? कोणीतरी कुठेतरी बसून "हो, ब्लॉकचेन नावात पाहिजे" म्हटलं असणार ना? तो माणूस वर्गात शिकवणारा होता का?

नावांचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०१८ साली एआयसीटीईने नेमलेल्या बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीचा अहवाल आला. देशभर इंजिनिअरिंगच्या जागा ढिगाने रिकाम्या राहत होत्या, म्हणून समिती म्हणाली की २०२० पासून नवीन जागा वाढवणं थांबवा आणि त्याऐवजी नव्या विषयांवर भर द्या. एआय, डेटा सायन्स, आयओटी, ब्लॉकचेन, सायबर सिक्युरिटी, रोबोटिक्स, क्वांटम, थ्रीडी प्रिंटिंग वगैरे. सल्ला तसा शहाणपणाचाच होता. पण संस्थाचालकाच्या नजरेतून वाचून बघा. नवीन कॉलेज बंद, जुन्या ब्रँचच्या जागा वाढवणं बंद, दार फक्त या आठ-दहा शब्दांना उघडं. मग काय, मेकॅनिकलच्या रिकाम्या वर्गाला रंग मारून एआयची पाटी लागली. पुढे २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या चाललेल्या संस्थांसाठी एका ब्रँचला किती जागा यावरची मर्यादाही काढून टाकली. म्हणजे जे नाव खपतं, ते हवं तेवढं खपवा.

आता तुम्ही म्हणाल, विद्यापीठ नावाची गोष्ट आहे की नाही मध्ये? आहे ना. आणि कागदावर ती व्यवस्था इतकी देखणी आहे की आपल्या कुठल्याही कंपनीच्या रिलीज प्रोसेसने लाजावं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ उघडा. अभ्यासक्रमाचा मसुदा आधी त्या त्या विषयाच्या अभ्यासमंडळात, ज्याला आपण बोर्ड ऑफ स्टडीज म्हणतो. तिथून विद्याशाखेकडे. तिथून विद्यापरिषदेत, म्हणजे अ‍ॅकॅडेमिक कौन्सिलमध्ये. पैशाचा प्रश्न आला की व्यवस्थापन परिषदेत. शिवाय नवीन कॉलेज आणि नवीन कोर्स कुठे हवेत याचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा वेगळाच, आणि शेवटचा शिक्का मंत्रालयात. आपण एक पुल रिक्वेस्ट दोन जणांनी बघितली तरी धन्य मानतो, इथे चार-चार ठिकाणी रिव्ह्यू आहे.

फक्त रिव्ह्यूअर कोण, ते बघा. अभ्यासमंडळात विभागप्रमुखांनी निवडून दिलेली माणसं असतात, पण कुलगुरूंनी नेमलेली आणि नंतर स्वीकृत करून घेतलेली माणसं त्यांच्यापेक्षा जास्त. मत द्यायचं तेही विभागप्रमुखांनी. रोज सकाळी सव्वाआठला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या साध्या असिस्टंट प्रोफेसरला त्या निवडणुकीत मतही नाही. आपल्याला सिनेट म्हटलं की पदवीधर मतदारसंघ, पक्षांची पॅनेल्स आणि गुलाल आठवतो, त्यामुळे हा भाग कोणाच्या लक्षातच येत नाही. अभ्यासक्रम सिनेटमध्ये ठरत नाही मंडळी. तो ठरतो एका छोट्या खोलीत, लांबलचक टेबलाभोवती, बिस्किटं खात.

ती खोली मी एकदा बघितली आहे. तीनेक वर्षांपूर्वी. कॉलेजचं नाव सांगत नाही, स्वायत्त आहे एवढं पुरे. स्वायत्त कॉलेजांची स्वतःची अभ्यासमंडळं असतात आणि यूजीसीच्या नियमांप्रमाणे त्यात उद्योगक्षेत्रातला एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आमचा मॅनेजर. त्याला त्या शनिवारी क्लायंट व्हिजिट होती. म्हणाला, "अरे, तू जाऊन बस. पीडीएफ पाठवतो, आपले पॉइंट्स सांग आणि ये." पॉइंट्स अर्थातच ठरलेले होते. डॉकर पाहिजे, कुबरनेटीस पाहिजे, सीआय-सीडी पाहिजे, क्लाउड पाहिजे. मला मत नव्हतं, फक्त बोलायची मुभा होती. मीही जरा ताठ मानेनेच गेलो होतो, इंडस्ट्री म्हणून.

तिसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिम्सवर चर्चा सुरू झाली. मी डॉकर-कुबरनेटीस म्हणून दाखवलं. तो विषय शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, वीस-एक वर्षं तोच विषय शिकवलेल्या. त्यांनी शांतपणे पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "चालेल सर. पण काय काढू?"

मला कळेचना.

"आठवड्याला तीन तास. सुट्ट्या, युनिट टेस्ट, गॅदरिंग जाऊन सेमिस्टरला जेमतेम चाळीस हातात येतात. डॉकरला चार तास दिले तर कुठले चार काढू? डेडलॉक काढू? पेजिंग काढू? डॉकर ज्या नेमस्पेस आणि सीग्रुपवर उभं आहे ते कर्नलचंच काम आहे. प्रोसेस म्हणजे काय हे पोरांना नीट कळलं तर डॉकर तुमच्याकडे आठवड्यात शिकतील. आणि नाही कळलं तर नुसत्या कमांड पाठ करतील."

कमांड पाठ केलेली पोरं आमच्या टीममध्ये किती आहेत ते मला चांगलं माहीत असल्यामुळे मी गप्प बसलो. :-) त्यानंतर अर्धा-पाऊण तास मस्त चर्चा झाली. दुसरे एक सर म्हणाले, थिअरीत नको, लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल घालू. ठरलं. शेड्युलिंगचा एक जुनाट अल्गोरिदम त्यासाठी गेला, त्यावरही दोघांचं जुंपलं. सांगायचा मुद्दा हा की शिक्षकांच्या हातात खरोखर निर्णय असला की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या ऑफिसात "कॉलेजवाले आउटडेटेड" असं म्हणायची जी फॅशन आहे ना, त्या फॅशनवाल्यांपैकी कोणी "काय काढू" या प्रश्नाला कधी उत्तर दिलेलं नाही. आपण फक्त फीचर रिक्वेस्ट टाकतो.

मग अजेंड्यावरचा पुढचा मुद्दा आला. बी.टेक., आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स, नवीन कोर्स, साठ जागा.

चार मिनिटं. घड्याळ लावून नव्हतो बसलो, पण पाच नक्की नाहीत. एका प्रॅक्टिकलवर पाऊण तास आणि एका अख्ख्या डिग्रीवर चार मिनिटं. प्रोग्रामर लोकांना इथे लगेच बाइकशेडिंग आठवेल. पार्किन्सनने १९५७ साली लिहून ठेवलंय की समिती अणुभट्टी झटक्यात मंजूर करते आणि सायकलच्या शेडवर तासभर वाद घालते, कारण शेड सगळ्यांना कळते. पण इथे ते कारण नव्हतं. त्या खोलीतल्या लोकांना विषय कळत होता. त्यांना हेही कळत होतं की एआयसीटीईकडे अर्ज आधीच गेलाय, संस्थेच्या ट्रस्टींनी ठरवलंय आणि माहितीपत्रक छपाईला गेलंय. ज्यावर बोलून काही बदलणार नाही त्यावर कोण बोलतं? सिलॅबस कुठाय, असं एकाने विचारलं तर उत्तर मिळालं, पहिलं वर्ष कॉमनच आहे, दुसऱ्या वर्षाचं बघू पुढच्या मीटिंगला.

चहाच्या वेळी एक तरुण सर भेटले, माझ्याच वयाचे. मशीन लर्निंग तेच शिकवणार होते. मीटिंगभर चकार शब्द नाही. मी विचारलं, लॅबला जीपीयू वगैरे मागितले का? हसले. म्हणाले, "माझी ऑर्डर अकरा महिन्यांची असते. मे महिन्यात रिन्यू करायची." बस्स, एवढंच.

माझं सगळं म्हणणं खरं तर या एका वाक्यात आलं. आपण 'शिक्षकांचा अधिकार' म्हणतो तेव्हा पगाराच्या स्लिपबद्दल बोलत नाही कोणी. अनुदानित कॉलेजांत तासिका तत्त्वावर, खाजगीत अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही माहीत नाही, तो ट्रस्टींच्या आवडत्या कोर्सला "शिकवणार कोण, लॅब कुठाय, थांबा एक वर्ष" असं कशाला म्हणेल? माझ्या कंपनीत मी प्रोबेशनवर असताना आर्किटेक्टचं डिझाइन चुकलंय असं एकदाही म्हटलं नव्हतं. कायद्यात चार नाही चाळीस पायऱ्या घाला. 'नाही' म्हणण्याची सोय नसलेला रिव्ह्यू म्हणजे एलजीटीएमचा रबरी शिक्का.

सगळे प्राध्यापक संत असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. मंडळावर नाव लागावं म्हणून धडपडणारे, स्वतःचंच पुस्तक संदर्भग्रंथांत घुसवणारे, पंधरा वर्षं एकच नोट्स वाचणारे, हे सगळे नमुने आपण चार वर्षं भोगलेत. पण आपल्यातही कमी आहेत का असले? त्यासाठी कोणी कोड रिव्ह्यूचा अधिकार डेव्हलपर्सकडून काढून सेल्सकडे देत नाही.

बरं, हे सगळं दुसरीकडे कसं चालतं? कॅलिफोर्निया विद्यापीठाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या प्राध्यापकांनी १९१९-२० साली अध्यक्षांच्या एकहाती कारभाराविरुद्ध बंड केलं आणि कोर्स कुठले, अभ्यासक्रम काय, हे ठरवायचा अधिकार आपल्या अ‍ॅकॅडेमिक सिनेटकडे खेचून आणला. तो आजही तिथेच आहे. आता बर्कलेमध्ये डेटा सायन्स कसं आलं बघा. २०१५ साली 'डेटा ८' नावाचा एक कोर्स प्रायोगिक म्हणून सुरू झाला. एकच कोर्स. स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सच्या शिक्षकांनी मिळून शिकवला. अनी अधिकारी आणि जॉन डीनेरो यांनी त्यासाठी पुस्तक लिहिलं, ते नेटवर फुकट आहे, वाचा जमलं तर. पोरांनी गर्दी केली. मग २०१८ साली त्याची पदवी झाली. आणि स्वतंत्र कॉलेज? ते २०२३ मध्ये. आधी कोर्स, मग डिग्री, मग इमारत. आपल्याकडे आधी इमारत, मग डिग्रीचं नाव, मग सिलॅबस, आणि सगळ्यात शेवटी शिकवणारा माणूस. आधी बारसं, बाळ नंतर बघू.

बर्कलेकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे मान्य. पण एक इलेक्टिव्ह आधी दोन वर्षं चालवून बघायला किती पैसा लागतो?

आणि घाई केली की बिल कोणाच्या नावावर फाटतं, ते दिल्लीत सगळ्या देशाने बघितलंय. दिल्ली विद्यापीठाने २०१२ च्या डिसेंबरमध्ये विद्यापरिषदेत चार वर्षांची पदवी मंजूर करून घेतली. जुलै २०१३ ला पहिली बॅच आतसुद्धा. मधल्या काही महिन्यांत प्रत्येक विभागाने चार वर्षांचा अभ्यासक्रम लिहायचा होता. शिवाय सगळ्यांना सक्तीचे अकरा फाउंडेशन कोर्स. शिक्षक संघटना ओरडत होती, पण परिषदेत बहुमत होतं, ठराव झाला होता, कागद चोख होता. जून २०१४ मध्ये, केंद्रात सरकार बदलल्यावर महिन्याभरात, यूजीसीने आदेश काढला आणि विद्यापीठाने सगळं गुंडाळलं. तेही ऐन प्रवेशाच्या तोंडावर.

गंमत (?) अशी की ज्यांनी घाईने आणलं त्यांनी शिक्षकांना विचारलं नाही, आणि ज्यांनी घाईने काढलं त्यांनीही नाही. २०१३ च्या बॅचचं एक वर्ष त्या फाउंडेशन कोर्समध्ये गेलेलं. त्यांना उरलेल्या दोन वर्षांत ऑनर्स बसवून दिलं. त्याच योजनेत काही कॉलेजांनी बी.टेक. सुरू केलं होतं. ती पोरं रस्त्यावर उतरली आणि शेवटी त्यांना चार वर्षं पूर्ण करू दिली, म्हणजे एकाच बॅचसाठी असलेली डिग्री. पुढे २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि २०२२ पासून त्याच दिल्ली विद्यापीठात चार वर्षांची पदवी परत आली. चार वर्षं वाईट की चांगली हा माझा मुद्दाच नाही. आपण प्रॉडक्शनला काही फुटलं तर रात्री दोनला मागचं व्हर्जन टाकतो आणि झोपतो. एकोणीस वर्षांच्या मुलाचं मागचं व्हर्जन कुठून आणणार?

गेल्या वर्षी कॅम्पसला इंटरव्ह्यू घेताना त्या लांबलचक नावाच्या डिग्रीचा एक मुलगा समोर आला. हुशार होता, हॅशिंग छान सांगितलं. सहज विचारलं, ब्लॉकचेनमध्ये काय काय शिकलास? तो म्हणाला, "सर, एक पेपर होता. बाकी सगळं कॉम्प्युटरवाल्यांसारखंच." किती प्रामाणिक! त्याचं काही अडलं नाही, आम्ही घेतला त्याला. पण सरकारी जाहिरातीत 'कॉम्प्युटर किंवा समकक्ष' असं लिहिलेलं असतं ना, तिथे समकक्ष म्हणजे काय हे सिद्ध करायला कागद घेऊन तोच फिरणार. नाव ठरवणारे नाही फिरणार.

मला विचाराल तर फार क्रांती नकोय. नवीन डिग्रीचा प्रस्ताव आणायचा तर त्यातले निदान दोन-तीन विषय त्याच कॉलेजात आधी इलेक्टिव्ह म्हणून शिकवलेले असावेत, आणि ज्यांनी शिकवले त्यांच्या नावासकट. विषय शिकवणाऱ्याला, मग ऑर्डर अकरा महिन्यांची का असेना, अभ्यासमंडळात मत असावं, आणि विरोधी मत दिलं तर ते इतिवृत्तात लिहिलं जावं. इतिवृत्त साइटवर टाकावं. आमच्यासारख्या इंडस्ट्रीवाल्यांना बोलू द्यावं, मत देऊ नये. आमच्या कंपनीला तीन वर्षांपूर्वी ब्लॉकचेन हवं होतं, आता त्या टीमचं नावही कोणी काढत नाही. आमच्या तिमाहीच्या तालावर चार वर्षांची डिग्री नाचवणं म्हणजे कठीणच.

त्या कॉलेजची साठ जणांची पहिली बॅच यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. ते अकरा महिन्यांवाले सर मागच्या मे महिन्यात एका कंपनीत गेले, पगार दुप्पट, मी असतो तर मीही गेलो असतो. परवा कॉलेजमधून आमच्या मॅनेजरला मेल आला की उद्योगक्षेत्रातलं कोणी शनिवारी येऊन डीप लर्निंग शिकवू शकेल का. त्याने तो नेहमीप्रमाणे मला फॉरवर्ड केला. मी उलट तीन गोष्टी विचारल्यात: पेपर कोण काढणार, लॅबमध्ये काय आहे, आणि सिलॅबस बदलायचा झाला तर तो विषय शिकवणाऱ्याला अभ्यासमंडळात बसता येईल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच दिवशी आली.